लाल पट्टीचा प्लग

"हा नाही चालणार," अपूर्वाने काउंटरवरचा यूपीएसचा खोका दुकानदाराकडे परत सरकवला. "हा प्युअर साइन वेव्हचा नाहीये."

"मॅडम, सगळे गेमिंगवाले हाच नेतात."

"नेऊ देत ना. माझा पीसी यावर टिकणार नाही. लाइट गेली की धाडकन बंद पडेल. दुसरा दाखवा."

मुलुंड स्टेशनजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात परबकाका लेकीच्या मागे उभे होते. तिने पीसीतल्या एकेका भागाला किती वीज लागते ते आधीच जमवून ठेवलं होतं. दुकानदार खोक्यावरचे मोठे आकडे दाखवी, आणि ती खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणे, "ते व्हीए राहू दे, वॅट किती ते सांगा."

"अगो, त्यापेक्षा सरळ इन्व्हर्टर घे की," काकांना राहवलं नाही. "पंखे, टीव्ही, सगळं चालतं त्यावर."

"बाबा, इन्व्हर्टर लाइट गेल्यावर चालू व्हायला किंचित वेळ घेतो. तेवढं पंख्याला कळत नाही. पीसी रीस्टार्ट होतो. मॅचच्या मधे रीस्टार्ट झाला की वाट लागली."

"शेवटी खेळायचंच तर आहे."

दुकानदार हसला. अपूर्वा हसली नाही. काकांनी उगाच छतावरच्या पंख्याकडे पाहिलं.

शेवटी तिने निवडला तो यूपीएस तिच्या गरजेला पुरून थोडासाच उरणारा होता. मोठा घेतला तर तो ठेवायलाही घरात जागा नव्हती. रिक्षात खोका मांडीवर धरून ती म्हणाली, "एकच सांगते बाबा. याच्यावर दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही. मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. आईला तुम्हीच सांगा."

"माझी जबाबदारी," काका म्हणाले.

शेजारच्या प्लॉटवर जुनी बिल्डिंग पाडून टॉवरचा पाया खणत होते. तिथल्या यंत्राचा दात कधी केबलला लागेल आणि यांच्या सोसायटीचा लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. एरवी अपूर्वाला यूपीएसची गरज पडली नसती. पण तिच्या ऑनलाइन गेमिंगच्या टीमची फायनल तोंडावर आली होती. जिंकले तर पुढची फेरी हैदराबादला, आणि तिथे मोठे संघ मुलं निवडतात, पगारावर. पवईतली हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी तिने त्याच भरवशावर सोडली होती. पाचजणांत ती एकटी मुलगी.

परबकाका एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. नळ्या, तारा, भिंगं मांडून ठेवायची त्यांनी, शिकवायचं दुसऱ्यांनी, आणि तास संपला की धुऊन पुसून पुन्हा जागेवर लावायचं त्यांनीच. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव चुकीचं घेतलं, तेही त्यांनी दुरुस्त केलं नाही. त्यांचा खरा जीव होता कीर्तनात. सोसायटीच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीला तीन दिवस कीर्तन असे. त्याचा माइक, भोंगे, अॅम्प्लिफायर हे सगळं काकांकडे. ते बसायचे सगळ्यात मागे, खांबाला टेकून, एक हात बटणावर ठेवून. कीर्तनकाराचा सूर चढायच्या आधीच त्यांचा हात आवाज उतरवायचा. कीर्तन मनात उतरलं की डोळे आपोआप वाहायचे, आणि मागे बसल्यामुळे ते कुणाला दिसायचे नाहीत, हेही त्यांना बरंच वाटे.

लेकीवर त्यांची माया होती. पण गावाहून कुणी आलं, "अपूर्वा काय करता सध्या?" असं विचारलं, की काका म्हणायचे, "कॉम्प्युटरचं काम." खेळते, हे तोंडातून निघत नसे. अपूर्वा कधीकधी आतूनच ऐकत असे. 

यूपीएस बाहेरच्या खोलीत, बाल्कनीच्या दाराशी बसला. बाल्कनी बंद करून अपूर्वाची खोली केली होती. जोडणी काकांनीच केली. पीसी, पडदा आणि इंटरनेटचा राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन त्याच्या प्लगला शाळेतल्या सवयीप्रमाणे लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे झाडताना बायकोच्या, सुनंदाच्या हातून चुकून निघायला नको.

"थांबून थांबून वाजला तर समजायचं लाइट गेलीय," अपूर्वाने त्यांना शिकवलं. "आणि सलग किंचाळला तर लोड जास्त झाला. काहीतरी लगेच काढायचं, नाहीतर सगळंच बसेल. पण तशी वेळ येणारच नाही. आपण दुसरं काही लावणारच नाही आहोत ना?"

"नाही गो माझे बाय."

यंदा कीर्तनाला शर्मिष्ठाताई आल्या होत्या. वयाने चाळिशीच्या आत, नऊवारी, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की पहिल्याच दिवशी समोरच्या विंगमधले गुजराती शेजारीही खुर्च्या घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी गर्दी आवारात मावेना. त्याच संध्याकाळी वर अपूर्वाची फायनल होती. सुनंदाकाकूंनी खाली निघताना लेकीपुढे दूध ठेवलं आणि देवाचा अंगारा लावला.

"खेळाला कसला अंगारा, आई!"

"असूंदे. तुझी परीक्षाच ती."

काका दारात चपला घालत होते. त्यांना वाटलं, आपणही काहीतरी म्हणावं. "चांगलं खेळ," एवढंच म्हणाले.

उत्तररंगात ताईंनी एका म्हाताऱ्या गवळणीची गोष्ट घेतली. देवाच्या अभिषेकाचं दूध घेऊन ती पूर आलेल्या नदीत उतरते. पाणी कमरेला, मग छातीला, मग गळ्याला. हंडा डोक्यावर तसाच. ताईंचा आवाज पाण्याबरोबर वर चढत होता. पोरंसुद्धा गप्प झाली होती. आणि लाइट गेला.

भोंगे मुके झाले. अंधारात मागची मंडळी चुळबुळली, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, एक मूल रडायला लागलं. "काका, बॅटरी!" सेक्रेटरी नितेश पुढून ओरडला.

अॅम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीवरही चालायचा आणि ती बॅटरी दरवर्षी काका आठवणीने चार्ज करून ठेवायचे. यंदा अपूर्वाच्या यूपीएसच्या नादात ती राहिली होती. त्यांनी वायर लावून पाहिली. दिवा क्षणभर लुकलुकला आणि मेला.

पुढे ताई माइकवाचून गात होत्या. गवळण अजून पाण्यातच होती. मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, माणसं उठायला लागली होती. कीर्तन रंगात असताना माणूस उठतो, हे काकांना आजवर कधी सोसलेलं नव्हतं. त्यांनी लांब वायरची गुंडाळी उचलली, नितेशला खिडकीखाली थांबायला सांगितलं आणि जिना चढले.

घरात फक्त अपूर्वाच्या पडद्याचा उजेड होता. कानावर हेडफोन, दाराकडे पाठ, टीमच्या कॅप्टनशी बोलणं चालू. "मिहिर, डावीकडून ये, डावीकडून! मी धरते त्याला! शेवटचा राउंड यार, घाई नको!" यूपीएस थांबून थांबून वाजत होता. काकांनी खिडकीतून वायर खाली सोडली, दुसरं टोक यूपीएसच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातलं. दोनच मिनिटं, ते मनात म्हणाले. एवढ्याने काय होतंय.

खाली नितेशने वायर जोडली. ताईंचा आवाज एकदम आवारभर उसळला. आणि इथे यूपीएस सलग किंचाळायला लागला.

काहीतरी लगेच काढायला हवं होतं. मागे दोन वायरी होत्या. एक आत्ता लावलेली, काळी. एकीला लाल पट्टी. अंधार होता म्हणावं तर पडद्याचा उजेड थेट त्या पट्टीवर पडत होता. बाहेर गवळण बुडत होती, शेकडो माणसं श्वास धरून बसली होती. आत एक मुलगी खेळत होती.

काकांनी लाल पट्टीचा प्लग ओढला.

किंचाळणं थांबलं. आतला उजेड गेला. "हॅलो? मिहिर? हॅलो?" असा अपूर्वाचा आवाज आला, मग खुर्ची मागे सरकल्याचा. काका तिथे थांबले नाहीत. जिन्याचा कठडा धरत ते खाली आले आणि आपल्या खांबापाशी जाऊन बसले.

थोड्या वेळाने लाइट आला. गवळण पार झाली होती. आरतीनंतर ताईंनी विचारलं, "वीज कुणी आणली हो मघाशी?" नितेशने काकांना हाताला धरून पुढे ओढलं. ताईंनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. काकांच्या कपाळाला बुक्का लागला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे वळून बघत होते. काकांची मान वर झाली नाही. "बघा किती साधा माणूस!" कुणीतरी म्हणालं.

घरी आले तेव्हा हार पिशवीत होता. अपूर्वा बाल्कनीच्या दाराशी खाली बसली होती, मोबाइलवर बोलत होती.

"सॉरी यार. नाही, लाइटमुळे नाही. माझाच प्लग सैल होता... हो, माहितेय. माझीच चूक... ठीक आहे, मिहिर. बरोबर आहे तुझं."

तिच्या पायाशी काळी वायर होती. तिने ती खिडकीतून वर ओढून घेतली होती आणि नीट गुंडाळून ठेवली होती. शेजारी लाल पट्टीचा प्लग.

"हरलात?" काकांनी विचारलं.

"चौघेच उरले ना." तिने मोबाइल खाली ठेवला. "पुढच्या वेळी मिहिर दुसऱ्या कुणाला घेणार आहे. माझा सेटअप भरवशाचा नाही म्हणाला."

"मी बोलतो त्याच्याशी. मला लावून दे फोन. मी सांगतो, मी काढला म्हणून."

"नको."

"अगो, पण चूक माझी..."

"काय सांगणार बाबा? फायनल चालू असताना वडिलांनी प्लग काढला? त्यापेक्षा सैल होता हे बरं दिसतं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "तुम्हाला दिसली नव्हती का पट्टी?"

काका हो म्हणू शकले असते, नाही म्हणू शकले असते. "दिसली होती," ते म्हणाले.

तिने मान हलवली. जणू तेवढंच विचारायचं होतं.

तेवढ्यात सुनंदाकाकू प्रसादाची वाटी घेऊन वर आल्या, चेहरा नुसता फुललेला. "अगो अपूर्वा, बघितलंस गो बाबांका? ताईंनी नमस्कार केल्यानी! आख्खी सोसायटी बघीत होती. हार खंय आसा हो?"

"छान झालं आई," अपूर्वा म्हणाली, आणि वाटीतला पेढा घेऊन बाल्कनीत गेली.

तिसऱ्या दिवशी काका अॅम्प्लिफायरपाशी बसले, पण कीर्तन आत उतरेना. पूर्वरंग संपला. नामाचा गजर होऊन ताईंना हार घालायची वेळ आली, तशी नितेशने माइक घेतला. "हा हार आज परबकाकांच्या हस्ते. काल त्यांनी कीर्तनाची लाज राखली."

काका पुढे गेले. हार ताईंना घातला. नितेशने माइक त्यांच्यापुढे धरला, तो नुसता रिवाज म्हणून. काका कधी बोलणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काल मी वीज आणली नाही," काका म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "ती माझ्या मुलीची होती. तिची मॅच होती काल. फायनल. शेवट चालला होता. मी तिचा प्लग काढला. मला माहीत होतं तो तिचा आहे. मला वाटलं, खेळच तर आहे. तिला टीममधून काढलं. माझी मुलगी खेळते. तेच तिचं काम आहे. ती चांगली खेळते."

 मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले आणि डोळे पुसत म्हणाले, "वा! लेकराचा खेळ थांबवलान, पण देवाचं नाम थांबू दिलं नाहीन. याला म्हणतात भक्ती!"

टाळ्या सुरू झाल्या. एकाने सुरुवात केली आणि बघता बघता सगळं आवार टाळ्या पिटायला लागलं. सुनंदाकाकू तेवढ्या बायकांत मान खाली घालून बसल्या होत्या. काका दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होते. लोकांना तीही नम्रताच वाटली आणि टाळ्या वाढल्या.

शर्मिष्ठाताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिपळ्या छातीशी धरून त्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बघत होत्या. काकांनीही तिकडे पाहिलं.

अपूर्वा खिडकीत उभी होती. किती वेळची, कोण जाणे. बापलेकीची नजर मिळाली. मग तिने खिडकीची काच हळूच, खालच्यांना आवाज जाऊ नये इतकी जपून, सरकवत सरकवत पूर्ण लावून घेतली.