काट्यावरचे दोन किलो

“काटा बिघडला असन,” भाजी तोलायच्या काट्यावरून उतरत देवमन म्हणाले.

“कालच वांग्याचा कट्टा तोलला, मामाजी. बरोबर होता.” सुचिताने भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहिला. परवापेक्षा सासऱ्यांचं वजन दोन किलोंनी जास्त होतं.

दोन दिवसांत अंगावर एवढं मांस चढत नाही, ते पाणीच. किडनी थकली की ते बाहेर पडत नाही. तिने त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा लवकर भरला नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर पाणी ठरवून दिलं होतं. सूज हटली नाही तर डायलिसिस लावावं लागेल, असंही बजावलं होतं.

“खरं सांगा, कुठी पाणी पेले?”

“देवाशप्पत, बाटलीभरच पेलो. तू तं पोलीसच होऊन राह्यली!”

बाटली तिनेच भरली होती. माठातलं पाणीही तिने आतून कोळशाने मारलेल्या रेघेवरच होतं. चहावाल्या दुर्गाबाईलाही तिने खोदून विचारलं, तर ती म्हणाली, “माया इथं तं चूळ भराले बी नाई आला तुया सासरा.”

म्हणून आज सुचिता त्यांच्यामागून वावरात गेली आणि बांधावरच्या बाभळीआड थांबली.

देवमन वाकले. वेलीची काकडी तोडली, मोडली, चावली, गिळली. पुढची वेल, पुन्हा तेच. कारंज्याच्या बाजारात चाळीस वर्षांत त्यांच्या टोपलीतून कडू काकडी निघाली नव्हती. प्रत्येक वेलीची एक काकडी चाखल्याशिवाय ते माल भरतच नसत. सुचिताने एकोणीस वेली मोजल्या.

“मामाजी!”

ते दचकले. “पाणी नाई पेलो मी.”

“काकडी पाणीच हाय ना! किलोभर पिळली तं मूठभर चोथा उरते.”

“मंग न चाखता इकू? एक कडू निघाली का गिऱ्हाईक तुटलं.”

“चाखून थुका.”

“अन्न थुकू?”

सुचिताने हात पुढे केला. “द्या इकडं. मी चाखीन.”

देवमननी पुढच्या वेलीची काकडी तोडली. मग ती मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

“गोड हाय,” ती म्हणाली.

ते डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे पाहत होते. “नीट चाव. कडूपणा मांगून येते.”

ती चावत राहिली. हातातली उरलेली अर्धी काकडी देवमननी एकदा हुंगली आणि वेलीच्या बुडाशी ठेवून दिली.