बोगद्यापलीकडे गेलेली गाडी

कात्सुजी बस कंपनीत वेळापत्रकं आखायचा. तो निवृत्त झाला की गाडी काढायची आणि सगळं होक्काइदो बेट निवांत बघायचं, हे नवराबायकोचं लग्नापासूनचं ठरलेलं. मिचियोच्या मनात होतं, वाटेल तिथे थांबू, एखाद्या गावात कोणाशी दोन शब्द बोलू, समुद्रकाठी डबा उघडू. पण असाहिकावाहून निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने शिक्क्यांची वही आणली आणि तिच्या सहलीवर पाणी पडलं.

हमरस्त्यावर जागोजागी दुकान, खानावळ आणि स्वच्छतागृह असलेले थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर एक रबरी शिक्का असतो. कात्सुजी उतरायचा, वहीत शिक्का उमटवायचा, फुंकर मारून शाई वाळवायचा आणि गाडी सुरू करायचा. संध्याकाळी थांबे बंद होतात, म्हणून दिवसभर घाई. सूर्यफुलांची शेतं आली, गेली. जंगलातलं तळं झाडांआडून चमकलं तेव्हा मिचियो म्हणाली, इथे जरा थांबूया. तो म्हणाला, परत येताना थांबू.

"आपण परत याच रस्त्याने येणार आहोत का?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाला. गाडी मात्र थांबवली नाही.

मग तिने सांगणंच सोडलं. कंबर दुखते म्हणून ती मागच्या सीटवर उशी आणि पांघरूण घेऊन आडवी व्हायला लागली. हिदाकाच्या किनाऱ्याला लागेपर्यंत दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं.

तिथल्या एका थांब्यावर तो शिक्क्याकडे गेला आणि ती स्वच्छतागृहात. बाहेर येऊन बघते तर गाडी नाही. आधी तिला वाटलं, पलीकडे लावली असेल. तिने सगळं आवार पालथं घातलं. पर्स, फोन, कोट, सगळं गाडीत. दुकानातल्या बाईंच्या फोनवरून तिने नवऱ्याला पुन्हा पुन्हा फोन लावला. पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा त्याचा नियम होता आणि तो कोणासाठीही मोडत नसे. मिचियोला रडू नाही आलं, संताप आला. आवारात ताटकळत बसणं तिला सोसेना. नवरा आला तर मी खाली किनाऱ्यावर आहे म्हणून सांगा, असं बजावून ती उतरणीने निघाली.

खाली गावातली झाडून सगळी माणसं कामाला लागली होती. समुद्रातून काढलेल्या कोंबूच्या, म्हणजे खायच्या समुद्रशेवाळाच्या, काळ्या, माणसाहून लांब पट्ट्या गोट्यांवर वाळत घातल्या होत्या, आणि खाडीच्या तोंडाशी धुकं दिसायला लागलं होतं. धुक्यात माल भिजला की सकाळपासूनची मेहनत फुकट. तोमिए नावाच्या एका म्हातारीने मिचियोकडे वर-खाली बघितलं.

"बाई, रिकाम्या आहात ना? मग त्या टोकाने गोळा करत या."

मिचियोने बाह्या सरसावल्या. पट्ट्या उचल, जुडी बांध, शेडमध्ये टाक. कंबर ठणकत होती, हात मिठाने चरचरत होते. पण नवऱ्यावरचा राग असा हातांत उतरला की तोमिएआजी म्हणाली, जरा हळू, तुटतील.

बरंच काम आटोपल्यावर कात्सुजी उतरणीवरून धापा टाकत आला. चेहरा पांढराफटक.

"मला वाटलं तू मागे झोपली आहेस," तो म्हणाला. बोगद्यांमागून बोगदे ओलांडून पार हिरोओ गावापर्यंत गेल्यावर त्याने चहासाठी मागे हात केला, तेव्हा कुठे त्याला कळलं होतं. "अगं, वाटेत मी तुझ्याशी बोलतसुद्धा होतो."

"आणि मी उत्तर देत नाही, याचं काही वाटलं नाही?"

"तू हल्ली देतच नाहीस."

मिचियोने जुडीची गाठ करकचून आवळली. शब्द खरा होता, म्हणूनच जास्त झोंबला. माफी तर त्याने अजून मागितलीही नव्हती. तिने हातातली जुडी त्याच्या छातीवर टेकवली.

"धरा. शेडमध्ये नेऊन ठेवा."

"पण पुढचा थांबा बंद…"

"होऊ दे बंद."

तोमिएआजी मान खाली घालून हसू दाबत होती. कात्सुजीने जुडी उचलली. नंतर आणखी उचलल्या, न सांगता. चांगला सदरा चिकट झाला, बुटांत वाळू गेली. शेवटची जुडी ठेवल्यावर तो शेडच्या दारातच खाली बसला आणि हळूच म्हणाला, "घाबरलो होतो गं मी." तिने ऐकलं. पण लगेच विरघळायची तिची तयारी नव्हती.

निघताना तिने हात पुढे करून किल्ली मागितली. गाडी ती चालवणार होती. एरिमोच्या टोकाला, जिथे डोंगर समुद्रात उतरतो म्हणतात, तिथे तिने मनासारखी गाडी थांबवली आणि दोघं उतरली. सगळीकडे धुकं. समुद्र नाही, खडक नाही, कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबायला मिळालं, आणि दिसायला काही नाही. मिचियोला गाडीला लाथ मारावीशी वाटली.

"काही दिसत नाही," कात्सुजी म्हणाला.

"माहीत आहे मला. बसा."

तो बाकावर बसला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तिने बघितलेलं त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने घड्याळ बाहीत सरकवलं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि गाडीतून आणलेला भाताचा डबा मध्ये ठेवला. धुकं हटेपर्यंत आपण उठणार नाही, एवढं तिने त्याला सांगून टाकलं.