बैलाचा शेला

श्रीकृष्णाच्या पिकपचा मागचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला तो आमच्याच शेताच्या बांधाशी, नाल्याच्या चढावर. मी मटार तोडत होते. कडाड असा आवाज झाला आणि मग इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. गिअर पडत होता, गाडी काही हलत नव्हती. श्रीकृष्ण खाली उतरला, चाकाखाली वाकून बघितलं, आणि मग पहिलं काम काय केलं असेल तर मान वळवून नचिकेतच्या घराकडे पाहिलं. त्यानं आवाज ऐकला तर नाही ना, ही त्याला खरी काळजी.

ऐकला होता. अर्ध्या गावानं ऐकला होता. बकऱ्या चारणारा एक म्हातारा तिथंच थांबून म्हणाला, "काय भैया, का हो गओ?" श्रीकृष्णानं त्याच्याकडे पाठ फिरवली.

आमचं गाव झाशी जिल्ह्यातलं, एरचच्या अलीकडे, बेतवेच्या काठावर. मराठी घरं तीनच. गावकरी आम्हाला दक्खिनी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या इथंच गेल्या, पोरांना आता मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देतात, तरी दक्खिनी हे नाव काही सुटलं नाही. एक घर श्रीकृष्णाचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं म्हणजे नचिकेतचं, तिसरं आमचं. माझ्या सासूबाई यमुनाबाई या तिन्ही घरांत वयानं मोठ्या. सगळे त्यांना काकू म्हणतात आणि सगळे त्यांना भितात.

या दोघा भावांनी पिकपा घेतल्या त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या. तोवर सगळं सुरळीत होतं. यंदाच्या दिवाळीला नचिकेतनं नवी कोरी पांढरी पिकप आणली आणि जुनी लिंबाखाली उभी करून ठेवली. तेव्हापासून श्रीकृष्णाच्या पोटात दुखायला लागलं. त्यात त्याची बायको प्रमोदिनी भोळी. एकदा बोलून गेली की भाऊजींच्या गाडीत बसलं की कंबर दुखत नाही. त्या माणसाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. नचिकेतनं गाडी शिगोशीग भरून मंडीत नेली की दुसऱ्या दिवशी हाही तेवढीच पोती भरणार. नवी गाडी ओढते म्हणून जुनीनंही ओढायचं. त्या दिवशी तेच झालं होतं. बैलाशी बरोबरी करायला गेलेल्या बेडकीचं पोट फुटतं, इथं एक्सल तुटला एवढंच.

एरवी गाडी मोडली तर मोडली, महिनाभर पडून राहिली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार तोंडावर आला होता. त्या दिवशी आमच्या तिन्ही घरांतला पहिला मटार झाशीला लक्ष्मी तालावरच्या महालक्ष्मीला जातो. ज्याच्या गाडीतून जातो तो मानकरी. त्याला देवीपुढे नारळ आणि शेला मिळतो. बैलगाडीच्या काळापासून हा मान श्रीकृष्णाच्या घरी आहे. पण त्याला एक अट आहे. बुधवारी दिवेलागणीला गाडी काकूंच्या दारात भरून उभी पाहिजे. नाही राहिली तर मान पुढच्या घरी, आणि एकदा गेलेला मान माघारी येत नाही. हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? आधी तो मान आमचा होता. माझ्या आजेसासऱ्यांच्या गाडीचं चाक ऐन बुधवारी निखळलं आणि मान श्रीकृष्णाच्या घरी गेला. सासूबाईंना तो सल अजून आहे.

तर नचिकेत आला. हसला नाही, टोमणाही मारला नाही. हसला असता तर श्रीकृष्णाला बरं वाटलं असतं. त्यानं चाकाच्या मधोमध असलेले नट खोलून एक्सल बाहेर ओढला तर अर्धाच हातात आला. बाकीचा तुकडा आत अडकून बसलेला. नचिकेत म्हणाला, दादा, पलीकडच्या बाजूचा एक्सल काढून तिकडून लांब सळई घालावी लागेल, म्हणजे हा तुकडा बाहेर येईल. सळई माझ्याकडे आहे, आणतो.

"राहू दे," श्रीकृष्ण म्हणाला. "माझं मी बघतो."

सळई नको, कारण ती नचिकेतची. तुटलेलं अर्धं पोत्यात गुंडाळून हा गडी बसनं झाशीला निघून गेला. दुकानदारानं दोनदा सांगितलं म्हणे, भैया, इसमें दो नाप आते हैं, अंदरवाला टुकड़ा भी लाओ. यानं आपलं ठोकून दिलं, आत बोटभरच राहिलाय. बघितला कुणी होता?

परत आला तो नवा एक्सल खांद्यावर घेऊन. एरचच्या स्टँडपासून घरापर्यंत तो मुद्दाम नचिकेतच्या दारावरून चालत गेला. लगेच पाने काढले, आतला तुकडा तसाच ठेवून एक्सल आत रेटला, नट कसले. प्रमोदिनीनं चाकाला हळदकुंकू लावलं. बघायला दहापाच जण जमले होतेच. श्रीकृष्णानं गिअर टाकला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. एक्सल तोकडा होता. आत जिथं दात अडकायचे तिथवर तो पोचतच नव्हता. बकऱ्यांचा म्हातारा तेवढ्यात परत आला होता. तो म्हणाला, "जो तो ठाड़ो है." म्हणजे ही तर उभीच आहे. सगळे हसले. श्रीकृष्ण गाडीत बसूनच राहिला, उतरेना.

तो बुधवार होता.

लोक पांगल्यावर प्रमोदिनी त्याच्याजवळ गेली. मी बांधाच्या अलीकडे होते, मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही बंद होत नाहीत. ती म्हणत होती, भाऊजींच्या जुन्या गाडीचा एक्सल मागून घ्या, अगदी जोडीची गाडी, माप तंतोतंत बसेल. श्रीकृष्ण म्हणाला, मान गेला तरी चालेल. ती म्हणाली, असं काय वाकडं केलंय हो त्यांनी आपलं?



"काहीच नाही केलं," तो म्हणाला. "तेच तर. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. चांगला वागतो, म्हणून जास्तच बघवत नाही."

मला त्याची दया आली. जळणं कुणाला चुकलंय? पण आपण जळतोय हे तोंडानं कबूल करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

एवढ्यात नचिकेत बांधावरून येताना दिसला. खांद्यावर एक्सल. न मागताच जुन्या गाडीचा काढून आणला होता. त्याच्या मागून त्याची बायको आभा येत होती तणतणत. तिचंही खरंच होतं. श्रीकृष्णाची गाडी उभी राहिली नसती तर मान आपोआप त्यांच्या नव्या गाडीला मिळाला असता. तिनं जरीची साडीसुद्धा काढून ठेवली होती. आणि हा नवरा हातातलं सोडून पळत्याला मदत करायला निघाला होता.

"दादा, मान तुझ्याच घरी राहू दे," नचिकेत म्हणाला.

"आणि तुला काय पाहिजे?"

"मला काय पाहिजे? कुछ नहीं."

काही नको म्हणणाऱ्या माणसापुढे आपली मूठ झाकून ठेवावी, असं सासूबाई म्हणतात. पण सूर्य कलला होता आणि श्रीकृष्णाला दुसरी वाट नव्हती. त्यानं मान हलवली.

मग दोघं भाऊ कामाला लागले. चाकांना दगड लावले, जॅक चढवला. अलीकडचा तोकडा आणि पलीकडचा असे दोन्ही एक्सल ओढून काढले आणि पलीकडून सळई घालून ठोकलं तशी अडकलेला तुकडा अलीकडे सरकला. बोटभर कुठला, चांगला वीतभर निघाला. नचिकेतनं तो उचलून श्रीकृष्णाच्या हातात दिला. काळं तेल मातीत सांडत होतं. नचिकेतनं आपला एक्सल आत घातला, दात जुळेनात, तसा तो डोळे मिटून हळूहळू फिरवत राहिला आणि एका जागी खट्‌ करून तो आत बसला. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले. गिअर टाकला आणि गाडी चढ चढून वर गेली. प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीकृष्णाचा चेहरा मात्र असा झाला होता की आनंद व्हावा की नाही हे त्यालाच ठरवता येईना. दिवेलागणीला गाडी आमच्या दारात भरून उभी राहिली.

गुरुवारी सकाळी निघालो. सासूबाई पुढे श्रीकृष्णाशेजारी, आम्ही बायका मागे मटाराच्या पोत्यांवर, आणि आमच्यातच नचिकेत. स्वतःची नवी गाडी घरी ठेवून तो मागच्या चाकाच्या बाजूलाच बसला होता. अधूनमधून खाली वाकून बघायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "मस्त चाललाय, दादा." तो असं म्हणाला की श्रीकृष्ण गाडी जोरात पळवायचा. आभा अख्ख्या वाटेत नवऱ्याशी बोलली नाही.

देवळात मटार वाहिला, आरती झाली. पुजाऱ्यानं श्रीकृष्णाच्या हातात नारळ ठेवला. सासूबाईंनी पिशवीतून शेला काढला. दरवर्षी त्या स्वतः झाशीच्या मानिक चौकातल्या बाजारातून घासाघीस करून तो आणतात. लालभडक होता, काठाला सोनेरी पट्टी. त्या श्रीकृष्णाच्या खांद्यावर घालणार, तेवढ्यात नचिकेत पुढे आला.

"काकू, नारळ गाडीचा. शेला बैलाचा. बरोबर ना?"

सासूबाईंचा हात तसाच राहिला. गोष्ट खरी होती. जुना रिवाज तोच, गाडी ज्याची त्याला नारळ आणि बैल ज्याचे त्याला शेला. गाडी आणि बैल एकाच घरचे असायचे, म्हणून दोन्ही एकाच्याच पदरात पडायचं. पुढे गाड्या इंजिनावर आल्या आणि बैलाची आठवणच कुणाला राहिली नाही. नचिकेतला राहिली होती.

"इथं बैल कुठला?" श्रीकृष्ण म्हणाला.

"एक्सल. तो माझा आहे."

"बैल म्हणजे इंजिन. इंजिन माझं आहे."

देवळाच्या पायरीवर ही पंचायत बसली. पुजारी हसू दाबत होता, आणि आणखी दोनचार दर्शनाला आलेले लोक चप्पल घालायचे थांबले. सासूबाई पायरीवर टेकल्या. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. आपल्या घरचा गेलेला मान, आणि तो ज्यांच्या कुळात गेला ते दोघं आता आपल्यापुढे हात पसरून उभे. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी मुळीच घाई केली नाही.

"इंजिन तर नाल्यात पण ओरडत होतं, कृष्णा," त्या म्हणाल्या. "चाक फिरलं का?"

श्रीकृष्णानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"चाक फिरवतो तो बैल," सासूबाई म्हणाल्या आणि शेला नचिकेतच्या खांद्यावर घातला.

तेव्हा कुठं आभा नवऱ्याकडे बघून हसली. परत येताना वाऱ्यावर तो शेला फडफडत होता आणि श्रीकृष्णाला आरशात सगळी वाट तोच दिसत होता. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. शेला काही चटणी होत नाही. नचिकेत तो गळ्यात घालून एरचच्या बाजाराला जायला लागला, ट्यूबवेलवर जायला लागला, आणि प्रत्येक वेळी त्याची वाट नेमकी श्रीकृष्णाच्या दारावरून. लोक विचारत, भैया, जो का है, म्हणजे हे काय? हा थांबून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा.

मकरसंक्रांतीच्या सुमाराला श्रीकृष्ण पुन्हा झाशीला गेला. या वेळी दोन्ही तुकडे सुतळीनं एकत्र बांधून नेले आणि बरोबर मापाचा एक्सल आणला. स्वतःच्या हातानं बसवला, सळईसुद्धा आपली विकत घेतली. नचिकेतचा एक्सल घासून पुसून खांद्यावर टाकला आणि निघाला. मी तेव्हा आभाकडे विरजण मागायला गेले होते.

त्यानं एक्सल ओट्यावर ठेवला. "हा घे तुझा बैल. माझं काम माझ्या बैलावर चालतं आता. शेला दे."

नचिकेत शांतपणे म्हणाला, "असं कसं, दादा? बैल परत केला म्हणून शेला मागतात का? त्यानं ज्या दिवशी ओढलं, त्या दिवसाचा तो. बैल मेला तरी शेला माघारी जात नाही."

रिवाज रिवाज होता. इतकं करून, दोनदा झाशी गाठून, मनातली ठणक आहे तिथंच होती. श्रीकृष्ण वळला तसं त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आतून आभा आली, हातात चहा. चहा तिनं नवऱ्यापुढे आदळला.

"न्या, दादा, न्या तो शेला. माझ्या घरात नको," ती म्हणाली. "काल धुवायला टाकला. सगळा रंग गेला त्याचा. यांचे पांढरे शर्ट लालेलाल झाले."

नचिकेत चहाच्या कपात बघायला लागला.

श्रीकृष्ण थांबला. "सगळे?"

"सगळे."

"तो लग्नातला रेशमी पण?"

"तो सगळ्यात जास्त."

श्रीकृष्ण माघारी आला, ओट्यावर त्या एक्सलशेजारी नीट मांडी घालून बसला आणि म्हणाला, "शेला राहू दे त्यालाच, आभा. मला अर्धा कप चहा मिळेल का?"