तिसऱ्या ओळीच्या वर

घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी दादा चार दिवस एका बंद खोलीत बसून शब्द बोलत होता. नऊशे शब्द. मग त्याचा आवाज गेला तो गेलाच. आता घरी तो मांडीवरच्या यंत्रात शब्दावर बोट ठेवतो, यंत्र ऑफिसच्या सर्व्हरकडून तो शब्द मागवतं आणि त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. त्या ऑफिसात त्याची धाकटी बहीण तपासनीस होती. सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा.

ताईने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. सर्व्हरच्या दारावरची नियमांची यादी ती भाजी निवडावी तशी वाचायची, एकेक ओळ हातात घेऊन. ओळीत आधी क्रियापद: 'गेट' म्हणजे आण, 'डिलीट' म्हणजे पूस. पुढे पत्ता: कुणाचा, कुठला शब्द. शेवटी निकाल: जाऊ द्या, नाहीतर नाकारा. पत्त्यात चांदणीची खूण असेल तिथे काहीही चालतं. मागणी आली की यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळेल त्या ओळीचंच चालतं. खालच्या ओळींना मग कुणी विचारत नाही. एवढ्याशा ओळींवर दिवसाला लाखभर मागण्यांचा न्याय होतो, याचं तिला अजून नवल वाटायचं.

त्या दिवशी चार वाजता साफसफाईचा प्रोग्राम सुरू होणार होता. वर्षापेक्षा जुनं सगळं पुसायचं, आवाज सोडून. आवाज पुसायची मागणी दारातच नाकारायचा नियम चष्मेवाल्या इंजिनिअरने लिहिला होता. पावणेचारला ताई त्याच्या टेबलाशी आली.

"तुझा नियम कुठे आहे रे?"

"सगळ्यात खाली. नवीन ओळ खालीच लिहितो ना आपण."

"किराणाच्या यादीत लिहितात. इथे तिसरी ओळ वाच. कुठलंही क्रियापद, आवाज, पुढे चांदणी, जाऊ द्या. तुझ्या ओळीपर्यंत पोचणार कोण?"

त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. ओळ तीच राहिली.

"दुसरी प्रत असेलच की कुठेतरी," ताई म्हणाली.

"आवाजांची नाही ठेवत. लोकांचीच अट आहे, आपला आवाज एकाच जागी राहावा म्हणून."

"मग प्रोग्राम थांबव."

"तो दुसऱ्या कंपनीचा आहे, ताई. फोन उचलत नाहीत. आणि ओळ हलवायची तर साहेबांना विचारावं लागेल."

"साहेब विमानात आहेत. तू ओळ वर ने, बोलणी मी खाते."

चाराला चार मिनिटं असताना तळाची ओळ तिसऱ्या ओळीच्या वर जाऊन बसली.

चार वाजले. पडद्यावर डिलीटची रांग लागली. प्रत्येकापुढे एकच शब्द: नाकारलं. शेकड्यांनी नाकारलं. ताई खुर्चीची पाठ धरून उभी होती. चारशे बारा नंबर आला. दादाचा.

डिलीट, आवाज, चारशे बारा, उकडतंय. नाकारलं.

आणि लगेच खाली, त्याच सेकंदाला: गेट, आवाज, चारशे बारा, उकडतंय. दिलं.

ताई पडद्याजवळ वाकली. पत्ता एकच. एक पुसायला आलेला, एक मागायला. दोघांमधला फरक ओळखायला दारात माणूस नव्हता. होत्या त्या दोन ओळी, आणि दादा कोण हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

"ताई, बसा ना," चष्मेवाला म्हणाला.

"थांब रे," ती म्हणाली. घरी वहिनी आता पंखा वाढवायला उठली असेल, सारखं काय ते उकडतं म्हणून कुरकुरतही असेल.