विदादचा चहा

नहलाला सहावा महिना लागला तेव्हा गावच्या दवाखान्यातली अफाफ नर्स म्हणाली, "रक्त आठच आहे. महिन्याभरात दहावर न्या. नाहीतर बाळंतपण नदीपल्याडच्या मोठ्या इस्पितळात."

नहलाची सासू विदाद हटूनच बसली, बाळंतपण गावातच. तिथं सासवांना फाटकाबाहेर बसवतात. पहिलं नातवंड आपल्याच ओंजळीत यावं, एवढंच तर तिनं मागितलं होतं.

मग तिनं पदर खोचला. सकाळी काकवीत कालवलेली तिळाची ताहिनी, दुपारी कलेजी आणि मुलूखियाच्या पाल्याची पातळ भाजी, संध्याकाळी मसूर. वर लोहाची गोळी. आणि प्रत्येक जेवणावर चहा, खळखळून उकळलेला, काजळासारखा काळा, चार चमचे साखरेचा. चहाशिवाय उठलेला माणूस तिच्या लेखी उपाशीच.

महिन्यानं रक्त भरलं आठ पूर्णांक एक.

"यंत्र बिघडलंय तुझं!" विदाद कडाडली. "चल घरी, बघ माझं ताट!"

अफाफ आली, जेवली, वाखाणलंही. मग नहलानं चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली आणि अफाफनं कपाळाला हात लावला.

"अगं फारूकच्या आई, एका हातानं भरतेस नि दुसऱ्या हातानं सांडतेस! चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतर दोन तास चहा नको. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. आता आणखी एक महिना, मग माझ्या हातात काही नाही."

विदादनं सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं नर्सबाईंनी."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"अम्मा, आईनं सासरी पाठवताना बजावलं होतं, सासूशी भांडलीस तरी चालेल, तिचा चहा परत करू नकोस."

"तुझी आई..." विदाद एवढंच म्हणाली आणि लिंबं आणायला उठली.

तो महिना तिनं शेजारणीकडे जाऊन चहा प्यायला, चोरासारखा. घरी वासही नको.

महिना संपला आणि रक्त दहा पूर्णांक दोन! अफाफनं बाळंतपणासाठी नाव गावच्याच दवाखान्याच्या वहीत लिहिलं. घरी येऊन, जेवणं उरकल्यावर विदादनं सवयीनं दोन पेले भरले, तेवढ्यात घड्याळाकडे नजर गेली. तिनं नहलाचा पेला बाजूला सरकवला.

"गार होईल, अम्मा. तुम्ही तरी प्या."

"होऊ दे गार," विदाद म्हणाली आणि आपलाही पेला त्याच्याशेजारी ठेवून बसली. "दोन तास काय, चुटकीसरशी जातील. तोवर बाळासाठी नावं काढू. फक्त तुझ्या आईचं नाव सोडून."