केसभर टायमिंग

जुन्या पेट्रोल ट्रकचं टायमिंग बिघडलं की गॅरेजात आलेलं गिऱ्हाईक थोरल्याला ओलांडून थेट त्याच्या धाकट्या बहिणीकडे जायचं. इंजिनाला कान लावून ती डिस्ट्रिब्युटर फिरवायची आणि ठिणगी वेळेवर पडायला लागली की नट आवळायची. वडिलांचा कान हिला मिळाला म्हणे. थोरल्याला काय मिळालं, तर पंक्चर. त्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी ती जेवायला गेली आणि त्याने डाव साधला. तिने नुकतंच टायमिंग लावलेल्या ट्रकचा नट सैल करून डिस्ट्रिब्युटर केसभर पुढे सरकवला आणि नट पुन्हा आवळला. आता चढावर इंजिन खडखडेल, ट्रकवाला शिव्या घालत परत येईल, मग उतरेल बाईसाहेबांचा तोरा.

ट्रकवाला दुसऱ्याच दिवशी आला. "बहीण कुठंय तुझी?"

"का, काय झालं?" थोरल्याने साळसूदपणे विचारलं.

"अरे, भरलेली गाडी घाट एका दमात चढली. नवी होती तेव्हाही अशी चढली नव्हती. तिच्या हाताला तोड नाही."

तो हात माझा होता, हे थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग तो हात तिथं कशाला गेला होता, हेही सांगावं लागलं असतं.

"आणि हे बघ," ट्रकवाला म्हणाला, "मागचं चाक बसलंय. तेवढं तू कर."