सिंहाच्या नोटेचा धनी

भद्रकालीच्या बोळात इसाकचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे येत. अशाच एका पुस्तकात, खुणेला घातलेली, त्याला पहिली परदेशी नोट सापडली. ती परत द्यायला गेला तर साहेब हसून म्हणाला, ठेव तुला. तेव्हापासून इसाकला नादच लागला. रद्दीवाले, जुने शिपाई, कॅम्पातले बटलर, ज्याच्या त्याच्या मागे लागून त्याने दहा-बारा वर्षांत बऱ्याच नोटा जमवल्या. पोर्तुगीजांच्या, फ्रेंचांच्या, बेल्जियमच्या. त्यांवर गलबतं, दाढीवाले दर्यावर्दी, नारळीची बंदरं. एकही नोट नाशकात चालत नव्हती.

"लोक चालता पैसा जपतात, आमच्या घरी सगळं उलटं," असं त्याची बायको हमीदा म्हणे. पण नोटा न चिकटवता कोपऱ्यांत अडकवता याव्यात अशी जाड वही तिनेच शिवून दिली होती.

छत्तीस साली मुलींच्या शाळेतल्या वत्सलाबाई नकाशांचं पुस्तक बांधायला घेऊन आल्या आणि ती वही बघत तासभर दुकानातच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला हे सगळं वाचता येतं, इसाकभाई?"

"अक्षर नाही येत, बाई. चित्रं तेवढी कळतात."

"मग बुधवारी शाळेत या. माझ्या मुलींना चित्रंच दाखवा."

इसाक आयुष्यात कधी शाळेच्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. बुधवारी तो धुतलेली टोपी घालून गेला. सुरुवातीला तो अडखळला, पण आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखाची नोट मुलींच्या हातून फिरायला लागली तसा तो खुलला. नोटेवर वास्को द गामा होता, मागे त्याची शिडाची गलबतं. कहाणी वत्सलाबाईंनी सांगितली.

मागच्या बाकावरून लंका नावाची मुलगी उठली. "मास्तर, ह्याला आपल्या देशाची वाट कोणी दाखवली?"

मास्तर! इसाक गडबडलाच. त्याने वत्सलाबाईंकडे पाहिलं.

"आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला एक वाटाड्या मिळाला होता," बाई म्हणाल्या. "गुजरातचा होता म्हणतात."

"मग त्याचं चित्र कुठल्या नोटेवर आहे?"

वहीत ते नाही हे इसाकला पाठ होतं, तरी त्याने सगळी पानं उलटली. साहेब जिथे तिथे ताठ उभा, आणि बाकीची माणसं असलीच तर ओझ्याखाली वाकलेली. इतकी वर्षं पाहूनही हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"माझ्याकडे नाही, बेटा," तो म्हणाला. "शोधतो."

पुढच्या आठवड्यात बांधलेली पुस्तकं पोचवायला तो देवळालीला उतरला आणि स्टेशनाबाहेर टांग्यात बसला. टांगेवाला भगूरचा, कारभारी नावाचा, पन्नाशीचा माणूस. वाटेत इसाकने सवयीप्रमाणे विचारलं, "कुणाकडे जुनी परदेशी नोट आहे का हो?" आणि आफ्रिकेची ती नोट पुढे धरली.

कारभारीने लगाम खेचला. घोडा भर रस्त्यात थांबला.

"ह्या मुलखाच्या शेजारीच व्हतो मी. जर्मनाच्या लढाईत. खेचरं हाकायला नेलं व्हतं." मग नोट परत देत म्हणाला, "माझ्याकडं बी एक हाय. जर्मनाची. सिंहाची."

"विकणार?"

"नाय."

इसाकने पुन्हा विचारलं नाही. नुसतं बघू द्या म्हणाला. संध्याकाळी परतीच्या गाडीआधी कारभारीने घरून पत्र्याच्या डबीतली नोट आणून दाखवली. घडीवर विरलेली, खाली दोन सिंह.

"माश्या चावून खेचरं मेली समदी. मंग मला ताप आला. तिथला एक हमाल व्हता, जुमा. त्यानं मला पाठीवर घिऊन रानातनं बाहेर काढलं. वाट त्यालाच ठावी. त्याची समदी मजुरी ह्या असल्या नोटांत. जर्मन हारला न् त्या नोटांची माती झाली. निघताना मी त्याला माझं घोंगडं दिलं. त्याच्यापाशी ह्येच व्हतं द्यायला."

इसाकने नोट जपून डबीत परत ठेवली. मग म्हणाला, "कारभारीभाऊ, नोट तुमचीच राहू दे. पण बुधवारी माझ्याबरोबर एका ठिकाणी चला."

कारभारी आला, पण वर्गात पहिल्यांदा नुसता भिंतीला टेकून उभा राहिला. लंकेने जुमा दिसायला कसा होता ते विचारलं, आणि तिथून जी गाडी सुटली ती घंटा झाली तरी थांबेना. मुली घरी जायला तयार नाहीत. वत्सलाबाईंनीच त्याला पुढच्या बुधवारचं आवतण दिलं.

त्या बुधवारी टांगा शाळेपुढे थांबला तेव्हा त्यात आणखी कोणी बसलेलं होतं. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई खाली उतरली आणि सरळ इसाकपुढे येऊन उभी राहिली.

"तुमीच का ते नोटावालं? मी चतुराबाई, ह्यांची मालकीण. अठरा वर्सं झाली ह्यांना येऊन. घरात त्या मुलखाचा शबूद काढला नाय. रातचं दचकून उठायचे, मी इचारलं तर कूस बदलायचे. आन् आता पोरींना सांगत्यात म्हनं. तवा मी बी ऐकनार."

कारभारी चाबूक हातात तसाच घेऊन खाली बघत उभा होता.

"या की, चतुराबाई," वत्सलाबाई म्हणाल्या.

मुली बाकावर सरकल्या. चतुराबाई त्यांच्यामध्ये अवघडून बसली, पदर सावरला, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिने नवऱ्याला विचारलं, "त्या जुमाला लेकरंबाळं व्हती का वो?"

कारभारीने मान वर केली. "दोन लेकी व्हत्या," तो म्हणाला. "थोरलीचं नाव सांगितलं व्हतं त्यानं. थांब, आठवतो."

कोणीच घाई केली नाही.